थंडीच्या रात्रीचा निवारा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहून एखादा वक्ता थंडीविषयी बोलू लागला, तर त्याला ऊन लागले असावे अशी शंका येणे साहजिक आहे. दिवस मावळून तास झाला तरी आपल्या अंगणातली फरशी अजून पाय भाजते आहे. वर्ध्याच्या माणसाला उन्हाळा काय असतो ते सांगावे लागत नाही. पण थंडीची तयारी थंडीत होत नसते. तुराट्यांचे भारे आता शेतातून येऊन पडले आहेत. वीटभट्टीवरचा मजूर पावसाळ्यापूर्वी आपल्या गावी परतेल, आणि दिवाळीनंतर पुन्हा कामाला यायचे म्हणून मधल्या काळातच मुकादमाकडून उचल घेईल. पुढच्या पौषात तो कशावर निजेल आणि काय पांघरील, हे त्या उचलीच्या वेळीच ठरून जाते. म्हणून हा विषय मी वैशाखात काढला आहे.

माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी मला विद्वानांच्या पंगतीला बसवले. मी शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि त्याहून अधिक मजुरांच्या खोपटांत झाले. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, बांधकामावर आणि वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात माझी तीसएक वर्षे गेली. या कामात सभा थोड्या आणि रात्रीचे मुक्काम फार. कामगार दिवसा कामावर असतो, त्याच्याशी बोलायचे तर रात्रीच. त्यामुळे निवाऱ्याचे शास्त्र मी पुस्तकात वाचण्यापूर्वी त्याच्यावर झोपून पाहिले आहे.

आपल्याकडे थंडी ती कसली, असे पुण्यामुंबईचे लोक म्हणतात. त्यांना सांगावे, की २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. नागपूर आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. आपल्या जिल्ह्यातही पौष-माघातल्या कित्येक रात्री पारा दहाच्या खाली जातो. बंद खोलीत, रजईत, या आकड्याची मौज वाटते. पण त्याच रात्री हरभऱ्याच्या शेतात जागल करणारा एक माणूस असतो. रानडुकरांचा कळप आणि रोह्यांची टोळी एका रात्रीत पीक लोळवून जाते, म्हणून त्याला घरी निजता येत नाही. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्री मिळत आली, त्यामुळे गव्हाला पाणी देणारा दुसरा माणूस गुडघाभर चिखलात बारे मोडत उभा असतो. तिसरी भट्टीवरची बाई, कच्च्या विटांच्या आडोशाला दोन लेकरे कुशीत घेऊन पडलेली. या तिघांनाही ३.५ अंशांचा अर्थ ठाऊक आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की ऊब येते कोठून? आपण म्हणतो, गोधडी गरम आहे, गवत गरम आहे. खरे पाहता गोधडीत किंवा गवतात उष्णता नसते. शेगडी आहे ती आपल्या अंगात. निजलेला माणूससुद्धा सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. आपल्या ओसरीवर पूर्वी जळे त्या पिवळ्या दिव्याइतकी म्हणा ना. दिवसभर खाल्लेल्या भाकरीचे ते सरपण आहे. चांगला निवारा एवढेच करतो, की ही उष्णता चोरीला जाऊ देत नाही.

चोर चार आहेत, आणि त्यांची नावे लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे होते. पहिला चोर जमीन. अंग जमिनीला टेकले, की ती उष्णता सरळ शोषून घेते, आणि कितीही घेतली तरी तिचे पोट भरत नाही. दुसरा चोर वारा. अंगाभोवती तापलेल्या हवेचे पातळ पांघरूण तयार होते, ते वारा क्षणोक्षणी ओढून नेतो. तिसरा चोर ओल. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून जाते. म्हणून ओल्या धोतराने निजण्यापेक्षा कोरड्या पोत्यात निजलेले बरे. चौथा चोर उघडे आभाळ. ढग नसलेल्या रात्री जमिनीची आणि अंगाची उष्णता आभाळाकडे निघून जाते. त्यामुळेच झाडाखाली दव कमी पडते आणि मोकळ्या रानात पांघरूण भिजते.

या चौघांना अडवणारा पहारेकरी मात्र एकच, कोंडलेली हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते, फक्त ती हलता कामा नये. गवताच्या काड्यांमध्ये, पाल्याच्या थरांमध्ये, गोधडीच्या जुन्या लुगड्यांमध्ये हवा अडकून बसते. आपण पांघरतो ती खरी हीच हवा. गवत नुसते तिला धरून ठेवते. यंत्राने भरलेल्या महागड्या जाकिटातही याहून वेगळे काही नसते.

आता एकट्यादुकट्या माणसावर रानात रात्र काढायची वेळ आली, तर निवारा कसा करावा ते सांगतो. आपल्यातले पुष्कळजण ट्रेकिंगला जातात, वनखात्याच्या गणतीला जातात, कोणी रात्री बंडीने किंवा मोटरसायकलने आडवाटेला अडकतो. कोणालाही उपयोगी पडेल असे हे ज्ञान आहे. एक गोष्ट मात्र आधी सांगितली पाहिजे. बोरच्या जंगलाला १९७० साली अभयारण्याचा आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तिथे परवानगीवाचून शिरणे आणि फांदीला कोयता लावणे गुन्हा आहे. मी सांगतो ते शेतातल्या, पडीक रानातल्या आणि खाली पडलेल्या मालमसाल्यावर भागते.

प्रथम जागा. थंड हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन ओढ्यात आणि सखल भागात साचते. म्हणून ओढ्याकाठची मऊ वाळू कितीही मोहक दिसली, तरी तिथे पथारी पसरू नये. टेकडीच्या माथ्यावरही नको, कारण तिथे वारा आहे. मधला उतार निवडावा. काळ्या मातीपेक्षा मुरमाड, बरड जमीन बरी. आपली काळी कापसाची जमीन ओल धरून ठेवण्यात पटाईत. पिकाला तिचा हा गुण तारतो आणि निजणाऱ्याला मारतो. हिवाळ्यात आपल्याकडे बोचरा वारा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो, तेव्हा पाठ तिकडे करावी आणि तोंड दक्षिणेला ठेवावे. वर वाळलेली फांदी लोंबत नाही ना, आणि जवळपास वारूळ किंवा बिळे नाहीत ना, हे उजेड असतानाच पाहून घ्यावे. दिवस मावळायच्या निदान दोन तास आधी कामाला लागावे. अंधारात बांधलेले खोपट आणि घाईत केलेला करार, दोन्ही पहाटेपर्यंत टिकत नाहीत.

मग सामान. डिसेंबरात बांधावरचे कुसळी गवत वाळून उभे असते. माघापासून सागाची पाने गळू लागतात, आणि सागाचे पान म्हणजे थाळीएवढे, एकावर एक बसणारे. पळसाचीही तीच तऱ्हा. शिंदीच्या झावळ्या ओढ्याकाठी असतात. वाशांसाठी तुराट्यांसारखी चीज नाही, कारण त्या सरळ, हलक्या आणि चिवट असतात. पऱ्हाटीही चालते, तिच्या वेड्यावाकड्या फांद्यांत पाला छान अडकून बसतो. पण पऱ्हाटीचे ढीग शेतात साठवून ठेवू नयेत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी कशी खाल्ली ते आपण पाहिले, आणि त्या अळीला असे ढीग हक्काचे घर देतात. म्हणून पऱ्हाटीचे खोपट मोडले की तिची लगेच विल्हेवाट लावावी. बांधायला सुतळी नसेल तर अंबाडीचा वाख, आणि तोही नसेल तर पळसाच्या मुळीच्या सालीचा दोर. आपले आजे त्यावर बैल बांधीत.

आता बांधणी. कमरेइतक्या उंचीची एक बेळक्याची मेढ जमिनीत घट्ट रोवावी. माणसाच्या उंचीपेक्षा दोनतीन हात लांब असे एक आढे घेऊन त्याचे एक टोक मेढीवर आणि दुसरे जमिनीवर, वाऱ्याच्या बाजूला टेकवावे. आढ्याच्या दोन्ही अंगांनी वीत-वीत अंतरावर तुराट्यांचे वासे तिरपे लावावेत. उतार उभट असावा, म्हणजे दव आणि पाऊस खाली ओघळतो. त्यावर आडव्या फांद्या, आणि मग गवत. गवत नेहमी खालून वर शाकारीत जावे. वरची पेंढी खालच्या पेंढीवर यावी, कवेलूसारखी. उलटे शाकारले तर सगळे पाणी आत येते. थर कितीचा असावा? कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात आत घातला तरी उजेड दिसू नये, निदान एवढा तरी हवा. जितका जाड तितका बरा. शेवटी वरून दोनचार फांद्या टाकाव्यात, म्हणजे वाऱ्याने गवत उडत नाही.

आत किती जागा असावी, याबाबत शिकलेली माणसे हमखास फसतात. त्यांना उभे राहता येईल असे घर हवे असते. पण अंगातली शेगडी लहान आहे. तिने लहान खोलीच तापते, दिवाणखाना तापत नाही. म्हणून खोपट अंगरख्यासारखे बेताचे असावे. सरपटत आत जावे, कूस बदलता यावी, बस्स. ससा आणि खार घर बांधताना हीच काटकसर करतात.

बिछान्याचे मी मुद्दाम शेवटी सांगतो आहे, कारण तो सर्वांत महत्त्वाचा. हाताशी एकच गोधडी असेल तर ती अंगावर घ्यावी आणि अंगाखाली गवत घालावे. किती? आपण पडल्यावर, गवत दाबले गेल्यावरही वीतभर उरेल इतके. म्हणजे पसरताना गुडघ्याएवढा ढीग दिसला पाहिजे. गवत काठीने झोडपून घ्यावे, कारण त्यात विंचू असतो. दाराला पोत्यात पाला भरून त्याचा बोळा लावावा, मात्र वरच्या अंगाला मूठभर भोक मोकळे ठेवावे. माणसाला श्वास लागतो, आणि श्वासातली वाफ कोंडली तर पहाटे सगळे गवत ओलसर होते.

आणि शेकोटी? माझ्याजवळ बसलेल्या प्रत्येक नव्या माणसाने हाच प्रश्न विचारला आहे. शेकोटी बाहेर असावी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, खोपटापासून चार पावले दूर. तिच्याजवळ बसून अंग, कपडे आणि हात शेकून घ्यावेत, आणि मग आत जावे. पेटती शेगडी किंवा निखारे घेऊन दार लावून घेणे हा मृत्यूला दिलेला आवतण आहे. कोंडलेल्या जागी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. माणूस गुंगत जातो आणि उठत नाही. मार्च २०२३ मध्ये छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात वीटभट्टीच्या माथ्यावर झोपलेले पाच मजूर सकाळी मेलेले आढळले. भट्टी पेटलेली होती, तिची ऊब मिळावी म्हणून ते वर जाऊन निजले होते. मजुराचा दोष काढण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. खाली त्यांच्यासाठी उबदार जागा असती, तर ते पाचजण भट्टीवर चढले असते काय?

अंगाला थंडी बाधली हे कसे ओळखावे, तेही सांगून ठेवतो. अंगाची उष्णता ३७ अंशांच्या आसपास असते. ती ३५ च्या खाली गेली की धोका. प्रथम हुडहुडी भरते, बोटांना गाठ सोडता येत नाही, मग जीभ अडखळते. पुढे हुडहुडी थांबते, आणि लोक म्हणतात, आता बरे वाटते वाटते. बरे वाटत नसते, सरपण संपत आलेले असते. अशा माणसाचे ओले कपडे आधी काढावेत, त्याला कोरड्यात गुंडाळावे, खालून-वरून गवत किंवा घोंगडी द्यावी. शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा पाजावा आणि लवकर दवाखान्यात न्यावे. दारू पाजू नये. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब वाटते, आणि आतली उष्णता भराभर बाहेर पडते.

हे झाले एका रात्रीचे. परंतु मंडळी, एक रात्र आणि सहा महिने यांत फरक आहे. मजूर दिवाळीनंतर येतो तो पावसाळ्याच्या तोंडाशी परततो. इतके दिवस पाल्यात सरपटत राहता येत नाही. तिथे कुड लागतो, माती लागते, छप्पर लागते. आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्याइतके भाग्यवान कोण आहे? इथे कोलामांचे पोड आहेत, गोंडांच्या वस्त्या आहेत. बांबूचा किंवा तुराट्यांचा कुड विणून, त्याला शेणमातीचा गिलावा देऊन, वर गवत शाकारलेली त्यांची घरे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश आत घेते आणि रात्री सावकाश सोडते. मातीत गव्हांडा मिसळला की ती तडकत नाही, आणि तिच्यात हवाही कोंडते.

याच मातीचे एक घर साऱ्या जगाला ठाऊक आहे. गांधीजी १९३४ साली वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला गेले. आपल्यासारख्याच कडक उन्हाळ्याचे ते दिवस. त्याच वर्षी तिथे आदी निवास उभा राहिला. त्यांची अट अशी होती, की खर्च पाचशे रुपयांच्या आत असावा, आणि सामान व कारागीर जवळपासचे असावेत. मीराबेनने माती, बांबू, शिंदी आणि कवेलू यांत ते साधले. शेजारची कुटी मीराबेनने स्वतःसाठी बांधली होती, पुढे तीच बापूकुटी झाली. तिच्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आपण पाहिला असेल. १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. १९७८ च्या जानेवारीत इव्हान इलिच नावाचा पाश्चात्य विचारवंत तिथे आला आणि या झोपडीने आपल्याला काय शिकवले, यावरच त्याने भाषण केले. वर्ध्यातच १९७६ साली देवेंद्रकुमारांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि मातीच्या घरांवर, मातीच्या पोकळ नळ्यांच्या कमानदार छपरांवर प्रयोग केले. म्हणजे माती-बांबूचे घर चांगले होऊ शकते की नाही, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तरी केव्हाच निकालात निघाला आहे.

मग मी आपल्याला विचारतो, बापूकुटीही मातीची आणि भट्टीवरचे खोपटही मातीचे. एकापुढे आपण चपला काढतो, आणि दुसऱ्यापुढून नाक धरून जातो. फरक कशाचा?

मी दोन्ही घरे निरखून पाहिली आहेत. बापूकुटीला जोते आहे, ती जमिनीपासून उचललेली आहे, म्हणजे पहिल्या चोराचा बंदोबस्त झाला. दर पावसाळ्यापूर्वी तिच्या भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात, म्हणजे ओलीचा बंदोबस्त झाला. तिला वेळोवेळी सारवतात, शाकारतात. तिच्यासाठी कोणीतरी वेळ काढतो. भट्टीवरच्या खोपटाला जोते नाही, कारण ते कामाच्या जागेवर, मिळेल त्या सखल कोपऱ्यात उभे राहते. कच्च्या विटा एकमेकींवर नुसत्या रचून चार भिंती होतात आणि फटींतून वारा फिरतो. वर ताडपत्री असते. ताडपत्री पाणी अडवते, पण तिच्यात हवा कोंडत नाही, म्हणून पहाटे तिच्या आतल्या अंगाने श्वासाचे पाणी ठिबकते. त्या माणसाला हे कळत नाही काय? त्याला माझ्यापेक्षा शंभर पटींनी कळते. तुराट्यांचा कुड त्याच्या बापाने विणलेला असतो. पण तो संध्याकाळी कुटुंबासह येऊन उतरतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चिखल तुडवायला उभा राहतो. विटेचा दर हजारी असतो. खोपट बांधण्यात घालवलेला दिवस त्याच्या हिशेबात शून्य असतो, आणि उचल मात्र फिटायची असते. कौशल्य त्याच्यापाशी आहे, सामान रानात पडलेले आहे, आणि मध्ये त्याचा वेळ गेलेला आहे.

साधेपणा आपण होऊन घेतलेला असेल तर तो माणसाला मोठा करतो. लादलेला असेल तर त्याला साधेपणा म्हणू नये. गांधीजींच्या झोपडीचे नाव घेऊन मजुराच्या झोपडीचे समर्थन करणारे गृहस्थ मला भेटतात. त्यांना मी सांगतो, गांधीजींनी आपल्या झोपडीवर खर्चाची कमाल मर्यादा घातली होती. मजुराच्या झोपडीला किमान मर्यादाच कोणी घातलेली नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला, त्यात कंत्राटदाराने कामाच्या काळात राहण्याची योग्य सोय करावी असे लिहिले होते. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला, त्यात मालकाने कामाच्या जागी किंवा जवळ फुकट तात्पुरता निवारा द्यावा, स्वयंपाकाची, अंघोळीची वेगळी सोय करावी असे होते. २०२० साली संमत झालेल्या संहितेत हे दोन्ही कायदे सामावून घेण्यात आले. पण यातली गोम पाहा. बीडचा ऊसतोड मजूर कर्नाटकात गेला तर १९७९ च्या कायद्याच्या नजरेत भरे. तोच कोल्हापूरला गेला तर राज्य ओलांडत नाही म्हणून निसटे. थंडी दोन्हीकडे सारखीच. आणि दोन्हीकडे तो बांबू, ताट्या आणि पाचट यांची कोपी स्वतःच्याच हाताने उभी करीत आला.

म्हणून आमच्या संघटनेने मोठ्या घोषणांबरोबर एक लहान मागणी धरली आहे. ती तीन ओळींत मावते. हंगामाच्या सुरुवातीला खोपट बांधण्याचे दोन दिवस मजुरीचे दिवस धरा. खोपटासाठी सखल नसलेली जागा, फूटभर मुरमाचे जोते, कुडाला तुराट्या-बांबू आणि अंथरायला कोरडे गवत मालकाने द्यावे. आणि पेटत्या भट्टीपासून निजण्याची जागा दूर, तिच्या वाऱ्याच्या अंगाला असावी. एका भट्टीवर हे आम्ही मान्य करून घेतले. मालक आधी म्हणाला, दोन दिवसांचे दाम फुकट गेले. हंगामाच्या शेवटी त्यानेच वही काढून दाखवली. पोरे कमी आजारली होती, बायांचे खाडे कमी झाले होते, आणि एकही कुटुंब मध्येच निघून गेले नव्हते. मी त्याला म्हटले, शेठ, ही ऊब तुमच्याही वहीत उतरली आहे. तो हसला, आणि पुढच्या वर्षी न सांगता मुरूम टाकून मोकळा झाला. सगळे मालक असे नसतात हे मला माहीत आहे. म्हणूनच संघटना लागते.

आपण इथे बसलेली मंडळी बहुतेक घरमालक आहात. कोणी बंगला बांधीत असेल, कोणाच्या सोसायटीचे काम चालले असेल. आपल्या घराची वीट ज्या भट्टीची, त्या भट्टीवरचा माणूस कुठे निजतो, एवढे एकदा जाऊन पाहा. विटेचा दर विचारता तसा हाही प्रश्न ठेकेदाराला विचारा. गिऱ्हाईकाच्या प्रश्नाला तो जितका घाबरतो तितका इन्स्पेक्टरच्या भेटीलाही घाबरत नाही. घरचा राखणदार अर्धवट बांधलेल्या इमारतीत उघड्या सिमेंटवर निजत असेल, तर त्याला दुसरे ब्लँकेट देण्यापूर्वी अंगाखाली गवताची गादी द्या. का ते आता आपल्याला ठाऊक झाले आहे. शेतकरी बंधूंनी तुराट्या जाळून टाकण्यापूर्वी जागलीच्या खोपटापुरता एक भारा बाजूला काढून ठेवावा, मग तो सालदारासाठी असो की स्वतःसाठी.

आणि शाळामास्तरांना एक विनंती. मुलांची सहल सेवाग्रामला जाते, ती जावीच. पण परत येताना एखाद्या जागलीच्या खोपटापाशी गाडी थांबवा आणि तिथल्या म्हाताऱ्याला विचारा, की बाबा, तुम्ही गवत खालून वर का शाकारता? तो सांगेल. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेचा धडा त्या दिवशी मुलांना कायमचा समजेल, आणि ज्याला आपण अडाणी म्हणतो त्याला काय काय येते, हेही समजेल.

वीतभर कोरडे गवत, वाऱ्याकडे पाठ, अंगापुरती जागा आणि पायाखाली जोते. माणसाला थंडीत जिवंत राहायला एवढेच लागते, आणि हे सारे आपल्या रानात फुकट मिळते. ते मांडायला दोन दिवस लागतात. पुढच्या दिवाळीनंतर भट्ट्या पुन्हा पेटतील, तेव्हा ते दोन दिवस कोणाच्या पदरचे जातात इकडे आपण लक्ष ठेवावे, एवढीच माझी आपल्याला प्रार्थना आहे.